समुद्र चार बोटं खाली

४ जानेवारी, रविवार

आज आमच्या सोसायटीच्या गच्चीवर समुद्र भरला. डोंबिवली पूर्वेत एवढ्या उंचीवर समुद्र असलेली ही पहिलीच इमारत असावी.

हौद सोसायटीचा आहे, गणपती विसर्जनाचा. निळ्या फायबरचा. भाद्रपदात त्याला मान, एरवी पाण्याच्या टाकीमागे पालथा पडलेला. सेक्रेटरींनी ‘गणपतीच्या आत परत करा’ एवढ्याच अटीवर दिला. माझ्या नवऱ्याने, संदेशने, त्याची एक बाजू कापून पारदर्शक शीट बसवली आणि सांधा सिलिकॉनने बुजवला. तो एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात आहे, आणि सिलिकॉन भरण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही असं त्याचं स्वतःबद्दल मत आहे. सांधा संध्याकाळपासून झिरपतोय.

पुढे कधी विसरायला नको म्हणून कारण लिहून ठेवते. ठाण्याला खाडीच्या बाजूला नवं विज्ञान केंद्र होतंय. त्यातलं भूगोल दालन सांभाळायला एक माणूस हवाय, कायमचा. मी इतकी वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतेय. दर जूनला नवा अर्ज, दर एप्रिलला नवा निरोप. ‘कायम’ हा शब्द मी फक्त हवामानाच्या धड्यात वापरलाय. मुलाखतीतून आम्ही तिघं उरलो. प्रत्येकाने एकेक चालतं प्रारूप करून दाखवायचं आहे, आणि ज्याचं चालेल त्याची नोकरी. विषयांच्या चिठ्ठ्या टाकल्या. एकाला ज्वालामुखी, एकीला भूकंप आणि मला ‘भूखंडमंचाच्या काठावर त्रिभुज प्रदेश कसे तयार होतात’. ज्वालामुखीवाल्याचं सोडा आणि व्हिनेगरमध्ये भागेल. मला समुद्र लागतो.

विषय तसा सरळ आहे. नदी गाळ घेऊन येते, समुद्राला भेटल्यावर तिचा वेग मरतो, गाळ तिथेच खाली बसतो आणि पंख्यासारखा पसरतो. आता समुद्रसुद्धा किनाऱ्यापासून लगेच खोल होत नाही. आधी पाण्याखाली लांबरुंद उथळ ओटा असतो, तो भूखंडमंच. ओटा संपला की एकदम उतार आणि मग खोल. बहुतेक नद्यांचा गाळ ओट्याच्या आतल्या कोपऱ्यातच बसून राहतो. त्याला काठापर्यंत पोचायचं असेल तर गाळ तरी वारेमाप हवा, नाहीतर समुद्र तरी खाली जायला हवा. समुद्र उतरला की ओटा उघडा पडतो, नदी त्यावरून पुढे चालत जाते आणि काठावर गाळ ओतते. मी दुसरा मार्ग घेतलाय. विटांचा ओटा, अर्ध्या पाइपची नदी, आणि समुद्राचं पाणी उचलून वरच्या पिंपात टाकायला कूलरची मोटर. रोज संध्याकाळी नदी सोडायची, आणि खाली येण्याआधी रबरी नळी लावून समुद्र चार बोटं उतरवायचा.

रात्री आई वर येऊन बघून गेल्या. माझ्या सासूबाई बोलायच्या कमी आणि बघायच्या जास्त. त्यांनी विचारलं, ह्याच्यावर तुझी नोकरी ठरणार? मी हो म्हटलं. त्यांनी हौदाला एक फेरी मारली, झिरपणाऱ्या सांध्याला बोट लावलं आणि म्हणाल्या, ‘‘मग झाकण नाही ह्याला?’’

समुद्राला झाकण. संदेश झोपेपर्यंत हसत होता.

७ जानेवारी, बुधवार

नदी वाहिली! बांधकामाच्या क्रश सँडमध्ये रांगोळी कालवून सोडली. रोज वेगळा रंग घालणार, म्हणजे बाजूच्या शीटमधून थर दिसतील. आज पांढरा. ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात तळहाताएवढा त्रिभुज प्रदेश झाला. समुद्र चार बोटं उतरवून खाली आले.

८ जानेवारी, गुरुवार

समुद्र होता तिथेच. काल उतरवलेली चार बोटं परत वर. नळी नीट धरली नसेल. आज पुन्हा उतरवला आणि खडूने खूण केली.

उद्या शुक्रवार, पाण्याचं शटडाऊन. त्यामुळे आज रात्री आईंचं नेहमीचं युद्ध. हंडा, कळशी, बादल्या, पातेली, कुकर, थर्मास, सगळं भरून झालं. माझी पाण्याची बाटली मी तोंडाला लावलेली असताना त्यांनी दोनदा बघितलं की ती पूर्ण भरलेली आहे का. त्या आटपाडीकडच्या. लहानपणी विहिरीला पाणी चढायची वाट बघत बसलेल्या. रिकामं भांडं दिसलं की त्यांना अस्वस्थ होतं, अर्धं भांडं दिसलं की त्याहून जास्त.

९ जानेवारी, शुक्रवार

समुद्र खुणेवर! सुधारला म्हणायचा. गेरू घातलेला लाल थर सोडला, पंखा वीतभर पुढे सरकला.

११ जानेवारी, रविवार

काल समुद्र परत वर, आज परत वर. शुक्रवारीच तेवढा शहाण्यासारखा वागला. पण आपण भूगोलवाले, पुरावा मांडायचा. पाणी येतं त्या दिवशी समुद्र चढतो, पाणी येत नाही त्या दिवशी चढत नाही. म्हणजे इमारतीची टाकी भरून वाहते आणि ते पाणी माझ्या हौदात पडतं. साधं होतं. प्लंबरला बोलावून टाकीच्या ओव्हरफ्लोचं तोंड उलट्या दिशेला वळवून घेतलं. मी स्वतःवर खूश आहे.

१२ जानेवारी, सोमवार

वर.

१३ जानेवारी, मंगळवार

वर. आणि आता मला कळलंय.

आमच्या समोरच्या दारात सखाराम भोईर काका राहतात. इथले मूळचे, त्यांच्या आजोबांची भातशेती होती तिथे आता आमचं पार्किंग आहे. गच्चीवर त्यांची बाग आहे. अळू, लिंबू, तीन तऱ्हांच्या तुळशी. पहाटे झारी घेऊन वर जाणारा माणूस इमारतीत एकच, ते. शिवाय हौद ठेवायचा ठरला तेव्हा ‘स्लॅबला भार होईल’ असं मीटिंगमध्ये एकट्यांनीच म्हटलं होतं. आज सकाळी जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर पाणी सांडलेलं होतं, पायाखाली पचपच. झारीचंच. झाडांना घालून उरलेलं पाणी माझ्या समुद्रात ओतत असणार, माझा हौद एकदाचा जावा म्हणून.

आईंना सांगितलं. त्या चपात्या लाटत होत्या. म्हणाल्या, भोईर तसा माणूस नाही. मी म्हटलं, तुम्हाला सगळेच चांगले वाटतात. त्यावर त्यांनी विचारलं, ‘‘पण पाणी वाढलं तर तुझं काही बिघडतं का?’’ माझ्या डोक्यात तेव्हा तिसऱ्या तासाचं लेक्चर होतं, मी नुसतंच ‘नंतर सांगते’ म्हणून निघाले.

१४ जानेवारी, संक्रांत

भोईर काकांना तिळगूळ दिला. तिळगूळ घ्या, गोड बोला आणि दुसऱ्याच्या पाण्यात पाणी घालू नका, असं म्हटलं. ते लाडू खात शांतपणे म्हणाले, ‘‘मना काय करायचाय तुज्या समुद्राशी? आमची खाडी हाय ना.’’

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते दिसलं नाही, पण हा माणूस पक्का आहे.

१८ जानेवारी, रविवार

दहा दिवसांची रांगोळी ओट्याच्या आतल्या निम्म्या भागात एकावर एक साचलीय. उंची वाढते, पुढे सरकत नाही. काठ अजून हातभर लांब. विज्ञान केंद्राच्या देवयानी मॅडमचा फोन होता. निवड समितीच्या प्रमुख त्याच. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात स्वतः गच्चीवर येऊन बघणार म्हणाल्या. ज्वालामुखी पाहून झाला, छान होता, असंही म्हणाल्या. हे मला सांगायची गरज नव्हती.

आईंचा गुडघा धरलाय. मलम चोळून दिलं आणि चढउतार कमी करा म्हटलं, तर म्हणाल्या, मी कुठं चढते? खरंच आहे. महिन्यातून एकदा खाली जातात. हवेतला गारवा असेल.

मला आज रडू आलं. त्या हातभर अंतराचं नाही, एप्रिलमधल्या त्या निरोपाचं. स्टाफरूममध्ये कपाटाची किल्ली परत करायची आणि हसून म्हणायचं, बघू या, जूनमध्ये.

२१ जानेवारी, बुधवार

आज दोन चांगल्या गोष्टी झाल्या. आई माघी गणपतीसाठी टिटवाळ्याला मेघनाकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे, आठवडाभर राहायला गेल्या. त्यांना जरा विश्रांती. आणि मी सेक्रेटरींच्या मागे लागून गच्चीच्या दाराला कुलूप बसवून घेतलं. किल्ल्या तीन. एक सेक्रेटरींकडे, एक माझ्या पर्समध्ये, एक आमच्या स्वयंपाकघरात खुंटीला. झाडांना पाणी घालायचं तर भोईर काकांनी माझ्याकडे किल्ली मागायची आणि मी सोबत जायचं. ते म्हणाले, त्यापेक्षा मी चाललो लेकीकडे विठ्ठलवाडीला, तूच घाल पाणी. रागावलेले दिसले नाहीत.

आई निघताना संदेशला बजावत होत्या, हौदाकडे रोज बघत जा, तिचं पाणी फार कमी होतं रे.

२३ जानेवारी, शुक्रवार

समुद्र खुणेवर. काल आणि आज. कुलपासारखं औषध नाही.

२५ जानेवारी, रविवार

पोचला!

दुपारी संदेश आणि मी दोघंही हौदाशेजारी बसलो होतो. समुद्र इतका उतरलाय की ओटा उघडा पडलाय. नदीने स्वतःच्याच जुन्या गाळातून वाट कापली, दोनदा फुटली, एकदा दिशा बदलली आणि उघड्या ओट्यावरून सरळ काठाकडे निघाली. काठावर वाळू जरा साठली, थांबली आणि मग उतारावरून घसरली. पुन्हा साठली, पुन्हा घसरली. शीटमधून बघितलं तर रंगांचे थर तिरपे, एकावर एक, शिंप्याने कापड नीट घडी घालून ठेवावं तसे. पुस्तकात शंभरदा शिकवलेली आकृती माझ्या गच्चीवर आपली आपण तयार होत होती. संदेशला मिठी मारली. तो म्हणाला, सिलिकॉनचा वाटा विसरू नकोस.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, ‘गच्चीला कुलूप लागल्यापासून समुद्र शांत आहे. समझनेवाले को इशारा काफी है.’ भोईर काकांनी विठ्ठलवाडीवरून अंगठा पाठवला.

२७ जानेवारी, मंगळवार

समितीसमोर पहिल्यापासून दाखवायचंय, म्हणून सगळी वाळू उपसून ओटा पुन्हा स्वच्छ केला. आता रोज थोडी नदी, रोज चार बोटं. संध्याकाळी आई परत आल्या, टिटवाळ्याचे पेढे घेऊन. आल्या आल्या विचारलं, हौद बरा आहे ना? मी कौतुकाने सगळं सांगितलं. त्यांना काठ, उतार वगैरे समजलं नसावं. म्हणाल्या, अर्धाच राहिलाय की मग.



२९ जानेवारी, गुरुवार

काल वर. आज वर. कुलूप जसंच्या तसं!

तरातरा समोरच्या दारावर गेले. कुलूप. फोन लावला. भोईर काका अजून विठ्ठलवाडीलाच, नातवाची शाळा आहे म्हणून थांबलेत. मागे कुकरची शिट्टी आणि नातवाचे पाढे ऐकू येत होते. शेवटी, तुमच्या लिंबाला फुलं आलीत, असं सांगून फोन ठेवला.

म्हणजे ते नाहीत. मग कोण, सेक्रेटरी? परवा पहाटे पाणी यायच्या आधी उठून गच्चीच्या जिन्यात बसणार आहे.

३१ जानेवारी, शनिवार

काखेत कळसा नि गावाला वळसा. ही म्हण मी आयुष्यात इतकी अक्षरशः कधी बघितली नव्हती.

मी टाकीच्या आडोशाला उभी. नळाला पाणी आल्याचा आवाज खालून आला. मग जिन्यात पावलं, एक पायरी, थांबणं, एक पायरी, थांबणं. दार उघडलं आणि आई. काखेत पितळी कळशी, एक हात कठड्याला. पदर खोचलेला, गुडघ्याला माझंच क्रेप बँडेज. त्यांनी कळशी हौदात ओतली, खाली गेल्या, दुसरी आणली. ओतून झाल्यावर हाताचा तळवा पाण्यावर सपाट ठेवून बघितलं, किती भरलंय ते. माझी खूण त्या पाण्याखाली कुठेतरी होती.

मी पुढे झाले. त्या दचकल्या नाहीत, फक्त हातातली कळशी मागे सरकवली, चोरी पकडली गेल्यासारखी. म्हणाल्या, ‘‘तू दिवसभर कॉलेजात असतेस. रोज बघते तर पाणी कमी. त्यानं सांधा नीट बुजवला नाही. तुझी नोकरी आहे ह्याच्यावर, म्हटलं तुझ्या समुद्राला पाणी कमी पडू नये.’’

मला एकदम इतका राग आला, आणि तो कुणावर काढावा ते सुचेना. मग हसू आलं, मग ते पण राहिलं. मी म्हटलं, आई, उद्यापासून मी भरीन. आणि त्यांची कळशी घेऊन खाली आले. खरं सांगायचं धाडस झालं नाही. ती कळशी रिकामी असूनही जड होती.

आता सगळं जुळलं. शुक्रवारी ओतायला पाणी नसायचं. त्या टिटवाळ्याला गेल्या आणि माझा त्रिभुज प्रदेश काठाला पोचला. आणि मी श्रेय कुलपाला दिलं.

१ फेब्रुवारी, रविवार

संदेशने घोळ घातला. जेवताना हसत हसत म्हणाला, आई, समुद्र खाली जायला हवा होता आणि तू महिनाभर तो वर आणत होतीस. हिची नोकरी तू बुडवत होतीस की! त्याला वाटलं गंमत आहे. आईंनी घास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तसं काही नाही. पण माझा चेहरा मला खोटं बोलू देत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

त्या उठून गेल्या. ताट अर्धं तसंच. आईंनी आजवर ताटात कधी काही टाकलेलं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

समुद्र रोज खुणेवर. नदी रोज पुढे. आई गच्चीचं नाव काढत नाहीत, जेवायला वाढतात आणि आत जातात. खुंटीवरची तिसरी किल्ली त्यांनी माझ्या उशीखाली आणून ठेवली.

प्रयोग नीट चाललाय आणि मला मुळीच बरं वाटत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

भोईर काका परतले. पुरणपोळ्या घेऊन गेले आणि माफी मागितली, ग्रुपवर पण मागितली. ते म्हणाले, मना पहिल्यापासून ठाव होता. पहाटे झारी घेऊन वर गेल्यावर आई कळशी घेऊन भेटायच्या. त्यांनी सांगितलं होतं, सुनेला बोलू नका, तिला संकोच वाटेल. म्हणून ते माझे सगळे टोमणे तिळगुळाबरोबर गिळून गप्प बसले.

नाकाने कांदे सोलणाऱ्या भूगोलवाल्या बाईला आज जमिनीत शिरावंसं वाटलं.

८ फेब्रुवारी, रविवार

देवयानी मॅडमचा फोन. समिती तेरा तारखेला, शुक्रवारी सकाळी येणार. शुक्रवारी शटडाऊन आहे, पण मोटर तेच पाणी फिरवते, नळाचं पाणी लागतच नाही. गाळ ओट्याच्या निम्म्यावर आलाय. इथे मुद्दाम थांबवलाय आणि समुद्र पुन्हा भरून ठेवलाय. उरलेली वाट त्यांच्यासमोर.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मोटर गेली. आत वाळू शिरून जळाली. संदेश कारखान्यातून येताना सगळी दुकानं फिरून आला, थंडीत कूलरची मोटर कोणी ठेवत नाही. मोटर नाही म्हणजे समुद्राचं पाणी पिंपात जाणार नाही, पिंपात नाही म्हणजे नदी नाही, आणि उद्या नळाला टिपूस येणार नाही. शिवाय नळीने समुद्र इतक्या हळू उतरतो की मॅडम तोवर ठाण्याला परत पोचतील. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले आणि स्वतःशीच म्हटलं, झालं, जूनमध्ये बघू.

आई भांडी भरत होत्या. गुरुवार ना. नळ न बंद करता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, खरा समुद्र कसा काय खाली जातो? कोण उपसतं?

गेल्या अकरा दिवसांतलं हे त्यांचं पहिलं लांब वाक्य. मी सांगितलं. फार पूर्वी थंडी पडली, इतकी की जमिनीवर पडलेलं बर्फ वितळेचना. समुद्राचं पाणी वाफ होऊन वर जायचं, बर्फ होऊन जमिनीवर पडायचं आणि तिथेच अडकून राहायचं. डोंगरच्या डोंगर बर्फाचे. पाणी कुठे गेलं नाही, नुसतं जमिनीवर साठून राहिलं, म्हणून समुद्र उतरला. शंभर मीटरहून जास्त. नद्या उघड्या ओट्यावरून चालत काठापर्यंत गेल्या.

‘‘म्हणजे फेकून नाही दिलं,’’ आई म्हणाल्या. ‘‘भरून ठेवलं.’’

मग त्यांनी नळ बंद केला आणि कपाटाच्या वरच्या खणातून लग्नातला तांब्याचा हंडा काढायला सांगितला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

समिती आली तेव्हा गच्चीवर हे दृश्य होतं. मधे हौद, समुद्र काठोकाठ. वरच्या पिंपात आईंनी काल भरून ठेवलेलं सगळं पाणी, संदेशने पहाटे चढवलेलं. हौदाच्या एका बाजूला रिकाम्या भांड्यांची रांग: तांब्याचा हंडा, भोईर काकांचे दोन हंडे, कळश्या, बादल्या, कुकर, पुरणाचं पातेलं. रांगेच्या टोकाला आई, पदर खोचून, स्टुलावर बसलेल्या, हातात तांब्या. मी तर त्यांना येऊ नका म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, उपसायचं आहे ना, ते मला येतं.

मी पिंपाचा नळ सोडला. नदी आली. समुद्र भरलेला, त्यामुळे गाळ होता तिथेच बसला. मी सांगितलं की आज जगातल्या बहुतेक नद्यांचं हेच चाललंय. मग आईंकडे बघितलं.

त्यांनी तांब्या बुडवला. बाहेर काढला. आणि थांबल्या. मला दिसलं की त्यांना ते जमत नव्हतं. भरलेलं रिकामं करायचं हे त्यांच्या हाताने कधी केलेलंच नाही. मग त्यांनी तो तांब्या हंड्यात ओतला, हंड्यात पाण्याचा आवाज झाला, आणि त्यानंतर हात थांबला नाही. एका बाजूने त्या, दुसऱ्या बाजूने भोईर काका. एक थेंब खाली सांडला नाही. समुद्र चार बोटं उतरला, आणखी चार, ओटा उघडा पडला, आणि नदी जुन्या गाळातून वाट कापत निघाली. काठावर वाळू साठली, थांबली, आणि लाल-पांढरी-हिरवी होत उतारावरून खाली गेली. समितीतले एक गृहस्थ शीटसमोर चक्क मांडी घालून बसले.

देवयानी मॅडमनी शेवटी त्या भरलेल्या रांगेकडे बोट दाखवून विचारलं, आणि ही भांडी कशासाठी? मी तोंड उघडलं, माझ्याकडे उत्तर चांगलं तयार होतं. पण आईंनी आधीच पदराला हात पुसत सांगून टाकलं.

‘‘हा बर्फ आहे,’’ त्या म्हणाल्या.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

फोन आला. मीच. एक मेपासून.

आई देवघरात होत्या. सांगितलं. त्यांनी विचारलं, कायमची? मी म्हटलं, कायमची. त्यांनी समईत तेल घातलं, ती आधीच भरलेली होती. मग माझ्या गालावरून हात फिरवला. हात ओला होता, का माझा गाल, ते कळलं नाही. एप्रिलमध्ये कपाटाची किल्ली परत करताना या वेळी मला हसावं लागणार नाही, हसू येईल.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पहाटे जाग आली. नळाला पाणी आल्याचा आवाज. उठून बघितलं तर आई दारात उभ्या, काखेत कळशी, पण बाहेर पडत नव्हत्या. म्हणाल्या, हौद अर्धा राहिलाय तेव्हापासून. आता तुझं काम झालंय ना? नको असेल तर राहू दे.

खऱ्या समुद्राचं पण तेच झालं होतं. बर्फ वितळला, पाणी परत आलं, आणि काठावरचे ते जुने त्रिभुज प्रदेश बुडाले. अजून आहेत तिथेच, पाण्याखाली, थरांवर थर. मी त्यांच्या काखेतली कळशी घेतली आणि त्यांना नुसता तांब्या घेऊन पुढे व्हायला सांगितलं.

दोघींनी मिळून समुद्र भरला. माझ्या फेऱ्या, त्यांची देखरेख. नदीच्या वाटा आधी बुडाल्या, मग ओटा, सगळ्यात शेवटी माझी खडूची खूण. पाणी काठाला आलं तेव्हा आईंनी तळवा सपाट ठेवून बघितलं आणि समाधानाने मान हलवली.

मग म्हणाल्या, आता तरी ह्याला झाकण आण.